कणाचा सामू: हवेतील आम्लता, धातू आणि पोषणद्रव्ये (प्रकल्प नोंदी, जळगाव–रावेर)

११ नोव्हेंबर २०२४

फटाके ओसरून आठवडा झाला, म्हणून आजपासून सुरुवात. दिवाळीचे फिल्टर मुद्दाम घेतले नाहीत. त्या दिवसांत बेरियम, स्ट्रॉन्शियम, तांबे आणि पोटॅशियम यांची एवढी भर पडते की पुढच्या महिन्याशी ताळमेळच लागत नाही.

शोधायचे आहे ते असे. हवेतल्या कणांत लोह, तांबे, जस्त, स्फुरद असतात, पण त्यांतले पाण्यात किती उतरेल हे कणाभोवतीच्या पाण्याच्या पातळ थराच्या सामूवर (pH; जितका कमी तितकी आम्लता जास्त) बरेच अवलंबून असते. लोहाचे ऑक्साइड सामू ४ च्या वर जवळजवळ जागचे हलत नाहीत; सामू २ कडे गेला की सुटू लागतात. नत्राची गोष्ट निराळी. तो आधीच विद्राव्य असतो; आम्लता फक्त एवढेच ठरवते की तो वायूत राहणार (अमोनिया, नायट्रिक आम्ल) की कणात (अमोनियम, नायट्रेट). पण यावरच तो किती लवकर खाली उतरतो ते ठरते, कारण नायट्रिक आम्लाचा वायू पानांना, भिंतींना, जमिनीला झटकन चिकटतो आणि बारीक कण मात्र दिवसेंदिवस तरंगत राहतात.

जागा दोन: जळगावात महामार्गालगतची एक गच्ची आणि रावेर तालुक्यात केळीच्या बागांमधली एक गच्ची.

खान्देशात या कामाला मुळातच एक मेख आहे. इथली भारी काळी जमीन चुनखडीची, सामू ८ च्या आसपास. त्यावर केळीला ठिबकमधून युरिया. चुनखडीच्या जमिनीत त्यातला अमोनिया सहज उडतो. म्हणजे आम्ल मारायला खालून चुना आणि वरून अमोनिया, दोन्ही हजर. मग आम्लता उरते कुठे, कोणत्या कणांत आणि कोणत्या तासांत, हे आधी शोधायचे. धातू नंतर.

१६ नोव्हेंबर

सॅम्पलर: १६.६७ लिटर/मिनिट, म्हणजे तासाला १ घनमीटर, २४ तासांत २४ घनमीटर हवा. प्रत्येक जागी दोन तोंडे शेजारी शेजारी, एक १० मायक्रॉनपर्यंतचे कण आत घेणारे आणि एक २.५ पर्यंतचे. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे जाड कण. वजाबाकीत दोन्ही फिल्टरांची चूक एकत्र होते, तेव्हा फरक लहान असेल त्या दिवशी जाड कणांचा आकडा वापरायचा नाही, नुसता नोंदवायचा.

फिल्टर ४७ मिमी टेफ्लॉनचे. ग्लास फायबर स्वस्त पडतो, पण तो स्वतः अल्कधर्मी असतो, सल्फर डायऑक्साइड धरून त्याचे सल्फेट करतो आणि त्यात जस्त-बेरियमही असतात. धातू आणि आम्लता या दोन्हींसाठी तो बाद.

टेफ्लॉन पाण्याला धरून ठेवत नाही. अर्क काढताना फिल्टर पाण्यावर नुसता तरंगतो आणि खालची बाजू भिजतच नाही. आधी १०० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल पसरवायचे, मग पाणी. प्लास्टिकची कडी अर्कात बुडू द्यायची नाही.

२१ नोव्हेंबर

धुलाईची पद्धत ठरली. पॉलिथिनच्या बाटल्या आणि नळ्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात आठवडाभर, मग १८.२ मेगाओहमच्या (अतिशुद्ध) पाण्याने पाच वेळा. साबण अजिबात नाही. बऱ्याच धुण्याच्या पावडरींत स्फुरद असते आणि ते काचेला चिकटून राहते. स्फुरदासाठीच्या काचसामानाचा वेगळा क्रेट, त्यावर लाल पट्टी.

२९ नोव्हेंबर

कोऱ्या फिल्टरांची पहिली खेप फसली. जस्त सगळीकडे, तांबे काही ठिकाणी.

जस्त दोन वाटांनी येत होते. एक, हातमोजे: रबर घट्ट करताना झिंक ऑक्साइड घालतात, त्यामुळे लॅटेक्सचे मोजे आणि रबरी बूच दोन्ही जस्त सोडतात. आता पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे, तेही फिल्टरला न लावता. फिल्टर प्लास्टिकच्या चिमट्यानेच उचलायचा. दोन, रावेरच्या गच्चीवर शेजारी जिन्याच्या खोलीवर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आहे आणि वारा त्यावरून येतो. सॅम्पलर पत्र्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला हलवला. स्टँड ॲल्युमिनियमचा होता. आपल्याला मातीचा वाटा ॲल्युमिनियमवरूनच काढायचा आहे, म्हणून त्यावर जाड पॉलिथिन गुंडाळले.

तांबे सॅम्पलरचे नव्हते. जळगावच्या गच्चीवर त्याच कठड्याला एक जुना हाय व्हॉल्यूम सॅम्पलर दुसऱ्या कामासाठी चालतो, त्याच्या मोटरचे ब्रश झिजतात आणि तांबे-कार्बनची भुकटी बाहेर टाकतात. हे जुने, माहीत असलेले दुखणे आहे. त्याच्या बाहेर पडणाऱ्या हवेला पाइप लावून तो खालच्या मजल्याच्या बाजूला सोडला. ब्लँक (कोरे फिल्टर) पुन्हा घेतले, ते चालले.

यापुढे दर दहा फिल्टरांमागे एक फील्ड ब्लँक: डबीतून काढायचा, सॅम्पलरमध्ये बसवायचा, पंप न लावता पाच मिनिटे ठेवायचा, परत डबीत.

७ डिसेंबर

आज एक जुना घोळ कागदावर निस्तरला. फिल्टर २० मिली पाण्यात हलवायचा, त्या पाण्यात सामूमापकाचा दांडा बुडवायचा आणि आलेला आकडा “कणाची आम्लता” म्हणून लिहायचा, असे बऱ्याच ठिकाणी चालते. त्यात काय चुकते ते पाहा.

धरा, बारीक कणांभोवती घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम पाणी आहे आणि त्या पाण्याचा सामू २ आहे. २४ घनमीटरांत झाले २४० मायक्रोग्रॅम पाणी, म्हणजे ०.२४ मायक्रोलिटर. सुईच्या टोकावर मावेल एवढे. सामू २ म्हणजे लिटरला ०.०१ मोल प्रोटॉन, तेव्हा आख्ख्या फिल्टरवर मोकळे प्रोटॉन २.४ नॅनोमोल. ते २० मिली पाण्यात गेले की लिटरला ०.१२ मायक्रोमोल होतात. आणि उघड्या भांड्यातल्या शुद्ध पाण्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आपोआपच सामू ५.६ च्या आसपास, म्हणजे लिटरला सुमारे २.५ मायक्रोमोल प्रोटॉन असतात. पाण्याची स्वतःची आम्लता कणाच्या वीसपट झाली. सामूमापक आपल्याला हवेतला कण दाखवत नाही, प्रयोगशाळेतली हवा दाखवतो.

वर बायसल्फेटचा घोळ. दाट द्रावणात सल्फेटचा एक वाटा प्रोटॉन धरून बसलेला असतो. विरळ केले की तो सुटतो. म्हणजे अर्कात प्रोटॉनांची संख्याही कणातली राहत नाही.

आता चुन्याचा हिशेब. १ मायक्रोग्रॅम चुनखडी २० नॅनोमोल प्रोटॉन गिळते. वरचे २.४ नॅनोमोल संपवायला ०.१२ मायक्रोग्रॅम चुना पुरतो. मातीच्या धुळीचे थोडे जाड कण फिल्टरवर त्या आम्ल कणांच्या शेजारी बसले, तर हवेत ते कधी भेटलेच नव्हते, पण भांड्यात भेटतात, आणि आम्लता पुसली जाते. इथल्या धुळीत तर हे दररोजचे.

म्हणून नियम: अर्काचा सामू वहीत लिहायचा तो “अर्काचा सामू” म्हणूनच, आणि फक्त कोऱ्या पाण्याशी ताडून पाहायला. कणाचा सामू मोजायचा नाही. आयन, वायू, तापमान आणि आर्द्रता यांवरून काढायचा.

१२ डिसेंबर

रावेरचा पंप हळू पडला होता. वारंवार वीज गेल्याने टायमरही उलटसुलट. प्रवाह कमी झाला की नुसती हवा कमी मोजली जात नाही. तोंडाची छाननी बदलते, २.५ मायक्रॉनऐवजी त्याहून जाड कणही आत जातात. आणि जाड कण म्हणजे चुना. अशा फिल्टरची आम्लता आपोआप कमी दिसेल. सुरुवातीचा आणि शेवटचा प्रवाह ५ टक्क्यांहून वेगळा असेल तर फिल्टर रद्द. पंपाला इन्व्हर्टर लावला, वेळ तास-मीटरवरून घ्यायची.

१९ डिसेंबर

वायूंसाठी नळ्या (डेन्यूडर) बसवल्या. हवा काचेच्या नळ्यांतून जाताना वायू भिंतीला चिकटतो, कण सरळ पुढे फिल्टरवर जातात.

लेप: नायट्रिक आम्लासाठी सोडियम कार्बोनेट १ टक्का आणि ग्लिसरॉल १ टक्का, मिथेनॉल-पाणी निम्मे-निम्मे. अमोनियासाठी सायट्रिक आम्ल १ टक्का मिथेनॉलमध्ये. क्रम: आधी कार्बोनेट, मग सायट्रिक, मग फिल्टर. लेप सुकवताना स्वच्छ कोरडी हवा सोडायची. खोलीतल्या हवेत सुकवलेली सायट्रिकची नळी बसवण्याआधीच अमोनियाने भरलेली निघाली. खोलीतली माणसे आणि काच पुसायचा द्रव, दोन्ही अमोनिया सोडतात. त्याच कारणाने आम्ल फिल्टर डबीबाहेर उघडे ठेवायचे नाहीत. उणे २० अंशांवर, बंद डबीत.

कार्बोनेट नायट्रस आम्लही धरते आणि थोडा नायट्रोजन डायऑक्साइडही. तो नायट्राइट होऊन बसतो आणि ओझोनने पुढे नायट्रेट होतो. म्हणून कार्बोनेटच्या दोन नळ्या मागोमाग. पहिलीतून दुसरी वजा करायची.

३ जानेवारी २०२५

सामूचा हिशेब आयसोरोपिया-२ या संगणकी प्रारूपावर. त्याला द्यायचे: सल्फेट, एकूण नायट्रेट (कण अधिक वायू), एकूण अमोनिया (कण अधिक वायू), क्लोराइड, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, तापमान, आर्द्रता.

कुठे चुकते ते क्रमाने नाही, जसे सापडले तसे:

प्रारूप उलट दिशेने चालवले, म्हणजे फक्त कणातले आयन दिले, तर सामू एका आयनाच्या मोजमापातल्या बारीकशा चुकीवर इकडून तिकडे उडी मारतो. आज एकाच फिल्टरच्या अमोनियममध्ये थोडा फेरफार करून पाहिला. उत्तर आम्लातून थेट अल्कलीत गेले. सरळ दिशा, वायू धरूनच. ज्या दिवशी नळ्या नाहीत त्या दिवशी सामू नाही.

धन आणि ऋण आयनांचा तोल बघून “अमोनियम जास्त, म्हणजे कण उदासीन” असे म्हणणे सोडून द्यावे. तोल जुळलेला कणसुद्धा चांगला आम्ल असू शकतो.

युनिटची चूक दोनदा झाली. प्रयोगशाळेच्या यादीत एका ठिकाणी “अमोनियम” आणि एका ठिकाणी “अमोनियम-नत्र” होते. १८ आणि १४ चा फरक.

सर्वांत महत्त्वाचे: कॅल्शियम कोणत्या कणातले? जाड आणि बारीक मिळून एकच यादी दिली तर प्रारूप सगळे एकाच थेंबात कालवते, कॅल्शियम सल्फेट जिप्सम म्हणून बाजूला बसवते आणि सामू वर जातो. हवेत तसे नसते. जाड आणि बारीक वेगळे चालवले तेव्हा चित्र उघडले: जाड कण अल्कधर्मी, बारीक कण आम्ल, दोन्ही एकाच गच्चीवर, एकाच पहाटे. २.५ मायक्रॉनच्या आतही मातीचे शेपूट येतेच. पुढच्या हंगामात १ मायक्रॉनचे तोंड लावून पाहायला हवे.

अमोनियाबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. तो दसपट झाला तर सामू साधारण एकानेच वाढतो. म्हणून केळीच्या पट्ट्यात अमोनिया जास्त म्हणजे आम्लता संपली, असे होत नाही. ती काही अंशी वर सरकते एवढेच. सल्फेट कमी झाल्यानेही सामू फारसा हलत नाही, कारण अमोनिया आपोआप वायूत परत जातो.

२४ तासांचा फिल्टर इथे कामाचा नाही. दुपारी हवा कोरडी, पहाटे ओली. दोन्हींच्या सरासरी आर्द्रतेवर काढलेला सामू कोणत्याच वेळेचा नसतो. उद्यापासून १२-१२ तासांचे फिल्टर, सहा ते सहा. हवा अर्धी, म्हणजे कणही अर्धे. ब्लँक आणखी स्वच्छ हवेत.

९ जानेवारी

थंडीचा कडाका. केळीवर चरका पडू नये म्हणून रात्री बागांच्या कडेला पऱ्हाटी, पाचट, ओला-सुका कचरा पेटवून धूर करतात. नेमके याच वेळी आर्द्रता सर्वांत जास्त असते. धुरातून पोटॅशियम आणि ऑक्झॅलिकसारखी सेंद्रिय आम्लेही येतात, म्हणून रात्रीच्या फिल्टरांना आजपासून ऑक्झलेटही मोजायचे. ऑक्झलेट लोहाला धरून ठेवते, त्यामुळे सामू तितका खाली नसतानाही लोह सुटते.

१० जानेवारी

काळ्या मातीचे आम्लस्नान. रावेरच्या शेतातली माती वाळवून, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून. सल्फ्युरिक आम्लाने सामू २ केलेले पाणी (आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही). अंधारात, २५ अंशांवर, हलवत २४ तास.

पहिला प्रयोग वाया: ५० मिलीत १ ग्रॅम माती टाकली. तासाभरात बुडबुडे आणि सामू परत ७ कडे. हिशेब आधी करायला हवा होता. ५० मिलीत सामू २ म्हणजे ०.५ मिलिमोल प्रोटॉन. मातीत ५ टक्के चुनखडी धरली तर १ ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम, ती गिळते १ मिलिमोल. आम्लाच्या दुप्पट भूक.

दुसऱ्यांदा ५० मिलीत ५० मिलिग्रॅम. आता चुना ०.०५ मिलिमोल घेतो, आम्लाच्या दहावा हिस्सा. सामू टिकला.

ठिबकच्या नळ्या क्षारांनी तुंबल्या की आम्ल सोडून धुतात, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. आम्ल कमी पडले तर क्षार तसेच आणि आम्लही गेलेले. फ्लास्कमध्ये तेच, फक्त लहान प्रमाणात. हवेतही तेच: कणातला चुना आधी संपतो, मग लोहाची पाळी येते.

१८ जानेवारी

लोह. चार भांडी: कोरे पाणी; अमोनियम ॲसिटेट सामू ४.७; सामू २; सामू २ अधिक ०.१ मिलिमोलर ऑक्झलेट. प्रत्येकी तीन प्रती. काळी माती, आणि तुलनेला दगडी कोळशाची उडती राख. (भारतीय कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का, पण राख ३० ते ४५ टक्के, म्हणून इथे कोळशातून येणारा कण राखेचाच.)

गाळताना ०.२ मायक्रॉन. “विद्राव्य” हा शब्द इथे गाळणीचा आहे. ०.४५ मधून गेलेले लोह ०.०२ मध्ये बरेच अडते, कारण ते विरघळलेले नसून नॅनोकण असते. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्याने कोणती गाळणी वापरली ते पाहायचे.

मोजणी फेरोझिनने (लोहाशी मिळून रंग देणारे अभिकारक). २ मिली गाळलेला अर्क, ०.२ मिली १० मिलिमोलर फेरोझिन, ॲसिटेटने सामू ५ च्या वर, जांभळा रंग, ५६२ नॅनोमीटर. हे फेरस लोह. एकूण विरघळलेल्या लोहासाठी आधी हायड्रॉक्सिलअमाइनने दहा मिनिटे क्षपण करून मग तेच. उजेडात उभे ठेवलेले भांडे दर मिनिटाला वेगळे वाचन देते, कारण फेरिक लोहही हळूहळू फेरस होत राहते. तपकिरी बाटली, वेळ घड्याळावर.

पद्धत किती बारीक पाहू शकते? मोलर शोषणांक २७,९००. १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये ०.०१० शोषण म्हणजे लिटरला ०.३६ मायक्रोमोल, १० मिली अर्कात ०.२ मायक्रोग्रॅम लोह; १२ घनमीटर हवेवर भागले तर घनमीटरमागे सुमारे १७ नॅनोग्रॅम. (अर्कात मिसळलेल्या अभिकारकांनी होणारी विरळता वेगळी धरायची.) याखालचे काही दिसणार नाही. ५ सेंमीचे क्युव्हेट मागवले.

दिसले ते थोडक्यात. कोऱ्या पाण्यात माती लोह जवळजवळ सोडतच नाही. सामू २ ला सोडते. ऑक्झलेट घातले की आणखी. पहिल्या तासातली उडी मोठी, नंतर वक्र आडवा होत जातो. सुरुवातीला सुटते ते स्मेक्टाइटच्या (चिकणमातीचे खनिज) थरांतले आणि पृष्ठभागावरचे सैल लोह असावे. हेमेटाइट (लोहाचे ऑक्साइड) नंतर, सावकाश. राखेत उलट गंमत: बरेच लोह काचेत बंदिस्त किंवा मॅग्नेटाइटमध्ये, आणि जे सुटते ते पृष्ठभागावरचे. म्हणून राखेचे एकूण लोह पाहून काही ठरवता येत नाही.

एक भांडे सामू २ वरून अमोनियाने ५ वर आणले, ढगात शिरल्यासारखे. अर्ध्या तासात गढूळ. लोह परत बसले, पण मूळ हेमेटाइट म्हणून नव्हे, फेरिहायड्राइटच्या बारीक कणांत. पुन्हा आम्ल केले की तेच लोह पहिल्यापेक्षा लवकर उतरले. ढगात शिरून परत सुकणारा कण असा फेऱ्याफेऱ्याने सैल होत जातो.

२७ जानेवारी

स्फुरद. मॉलिब्डेनम ब्लू, ॲस्कॉर्बिक आम्ल, अँटिमनी पोटॅशियम टार्ट्रेट, ८८० नॅनोमीटर, रंग आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत वाचन. अर्क आधीच आम्ल असल्याने अभिकारकातल्या आम्लाचे प्रमाण बिघडते: जास्त झाले तर रंग येतच नाही, कमी झाले तर सिलिकेटही निळे होते. कॅलिब्रेशनच्या प्रमाण द्रावणांतही तेवढेच आम्ल घालायचे. आर्सेनेटही निळा रंग देते. संशय असेल तर थायोसल्फेट.

सिंगल सुपर फॉस्फेट कसे करतात? दगडी स्फुरदावर गंधकाम्ल घालून. हवेतही ॲपेटाइटच्या (स्फुरदाचे खनिज) कणावर तेच घडते, फक्त कारखान्याशिवाय. हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या तीन स्फुरदांना सात प्रोटॉन लागतात. लोहासारखे हे दिवसभर रेंगाळत नाही. आम्ल मिळाले की चटकन उतरते, आणि किती उतरेल ते प्रोटॉनांची संख्या ठरवते. पण रांगेत चुना पुढे आहे.

त्यामुळे जाड कणातला स्फुरद तसाच राहतो, बारीक कणातला सुटतो. बारीक कणात तो मातीबरोबरच धुराचाही असतो, आणि धुराचा मुळातच विद्राव्य. पेरणी-खताच्या दिवसांत हवेत सुपर किंवा डीएपीची भुकटी असेल तर “आम्लाने सुटलेला” आणि “आधीच सुटलेला” वेगळे करता येणार नाहीत. हे दिवस वहीत वेगळ्या रंगाने.

१५ फेब्रुवारी

तांब्याचा एक गैरसमज. वृद्धी गुणांक (धातू मातीच्या मानाने किती पट जास्त, ते) काढताना जगाच्या सरासरी वरच्या भूकवचाचे आकडे घेतले (तांबे २८ मिलिग्रॅम/किलो, ॲल्युमिनियम ८.१५ टक्के) तर रावेरची धूळ तांब्याने मळलेली दिसते. पण आपण दख्खनच्या काळ्या दगडावर बसलो आहोत. बेसाल्टमध्ये तांबे शंभराच्या पुढे, काही प्रवाहांत दोनशेच्या आसपास. मातीत ११० आणि ॲल्युमिनियम ७.५ टक्के धरले तर निखळ मातीचाच गुणांक ४.३ येतो. लोह आणि टायटॅनियमचेही तसेच. भाजक म्हणून त्या त्या शेतातली माती वापरायची, पुस्तकातले भूकवच नाही. त्यावर केळीवर फवारलेले कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि महामार्गावरचे ब्रेक यांचे तांबे शोधायचे.

हे तांबे सुटते तेव्हा लोहापेक्षा सोपे सुटते, सामू फार खाली जाण्याची वाट पाहत नाही. जस्त त्याहूनही.

१४ मार्च

कालच्या रात्रीचे दोन्ही फिल्टर होळीचे. पोटॅशियम प्रचंड वर. सामूच्या यादीतून वगळले, धातूंच्या यादीत ठेवले.

२४ एप्रिल

उन्हाळ्याचा फिल्टर आणि हिवाळ्याचा फिल्टर एकाच पद्धतीने हाताळता येत नाही. जळगाव-भुसावळला या दिवसांत पारा ४४-४५ च्या आसपास जातो आणि सॅम्पलरच्या डब्यात त्याहून वर. अमोनियम नायट्रेट टेफ्लॉनवरून उडून जाते. संध्याकाळी मोजलेला नायट्रेट दुपारच्या हवेतला नसतो. टेफ्लॉनमागे नायलॉनचा फिल्टर लावला, उडालेले नायट्रिक आम्ल त्यावर धरले जाते. दोन्हींची बेरीज घ्यायची. फिल्टर सहाच्या ठोक्याला काढून बर्फाच्या डब्यात.

मातीच्या जाड कणांतला नायट्रेट मात्र टिकतो. चुन्यावर नायट्रिक आम्ल बसून कॅल्शियम नायट्रेट होते आणि ते सहजी उडत नाही. उन्हाळ्यात नत्राचा वाटा बारीक कणांतून जाड कणांत सरकतो तो यामुळे, आणि जाड कण गावातच खाली बसतात.

सामूबद्दल: दुपारी आर्द्रता वीसच्या खाली असेल तर कणाभोवती पाणीच नाही. अमोनियम सल्फेट वाळताना साधारण ३५ ते ४० टक्के आर्द्रतेला स्फटिक होते. अशा तासांना प्रारूप आकडा देते, कारण त्याला आकडा द्यायची सवय आहे. तो लिहायचा नाही. ४० टक्क्यांखालचे तास कोरे ठेवले. उन्हाळ्याची निम्मी पाने कोरी राहिली. ठीक.

२० मे

वळवाच्या सरी. पावसासाठी २० सेंमी व्यासाचे पॉलिथिनचे नरसाळे. क्षेत्र ३१४ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पावसाला ३१.४ मिली. पहिल्या १ मिमीची बाटली वेगळी, पुढच्या २ मिमीची वेगळी, बाकी एकत्र. पहिल्या बाटलीत धूळ एवढी उतरते की सामू ५.६ च्या वर जातो. त्यावरून “इथे आम्ल पाऊस नाही, म्हणजे आम्ल कण नाहीत” असा अर्थ काढणे म्हणजे ७ डिसेंबरचीच चूक, बाटली मोठी एवढेच.

एका नमुन्यात अमोनियम, स्फुरद आणि पोटॅशियम तिन्ही एकदम वर. नरसाळ्याच्या कडेला पक्ष्याची विष्ठा. नमुना रद्द, कडेवर नायलॉनच्या दोऱ्याचे काटे उभे केले. धातूंची बाटली आम्ल घालून, आयनांची आम्ल न घालता, फ्रीजमध्ये. दोन्ही एकाच बाटलीत चालत नाही.

१४ जून

रावेरहून विचारणा झाली: हवेतून पडणाऱ्या लोहाने केळीचा केवडा (लोहाअभावी पाने पिवळी पडणे) कमी होईल का? नाही. काळ्या मातीत लोह भरपूर आहे. केवडा पडतो तो चुना आणि बायकार्बोनेटमुळे ते मुळांना मिळत नाही म्हणून. जमिनीत टाकलेले हिराकससुद्धा (फेरस सल्फेट) तिथे थोड्याच दिवसांत अडकते, म्हणून पानांवर फवारणी करतात. हवेतून येणारे चिमूटभर विद्राव्य लोह या मातीवर पडले की तेही तसेच अडकते.

त्याची किंमत जमिनीवर नाही, पाण्यावर आहे. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो आणि उपखंडावरचे बारीक कण अरबी समुद्रावर नेतो. वाटेत रात्री ओल, दिवसा ऊन, अधूनमधून ढग: १८ जानेवारीच्या भांड्यातल्या फेऱ्या. जाड, चुन्याचा कण तिथवर फारसा पोचत नाही. पोचतो तो बारीक, आम्ल, ज्यातले लोह आणि स्फुरद आधीच सैल झालेले असते. आणि त्याच कणातले तांबेही, जे काही सूक्ष्म शैवालांना मारक ठरते.

२८ जून

सॅम्पलर उतरवले, तोंडे उघडून इथेनॉलने पुसली. २.५ च्या तोंडाच्या आपटपट्टीवर (जाड कण जिच्यावर आपटून अडकतात ती) मातीचा थर चिकटला होता; तेलाचा लेप सुकल्याने कण उसळून आत जात असणार. हिवाळ्यात दर पाच दिवसांनी बदलली होती, मार्चनंतर पंधरा दिवसांनी. एप्रिलच्या पुढच्या २.५ च्या सर्व कॅल्शियमवर प्रश्नचिन्ह लावले. सामूचे त्या महिन्यांचे हिशेब थांबवले.

ऑक्टोबरआधी: १ मायक्रॉनची दोन तोंडे, ५ सेंमीचे क्युव्हेट (अजून आलेले नाही), कार्बोनेटच्या चार जादा नळ्या, आणि रावेरच्या मातीचा चुनखडीचा टक्का नीट मोजून, कारण १० जानेवारीला तो ५ धरला होता, मोजला नव्हता.